शाँबेरीचे हत्ती आणि अबोल वर्ण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या मराठी मुलाला ‘डिबॉइन’ हे नाव कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू ज्याने उभे केले, पाटण आणि मेडता येथील १७९० सालच्या लढाया ज्याच्या पलटणींनी जिंकल्या, तो हा सेनानी आमच्याकडे घरगुती गोष्टींतूनच कानांवर येतो. पुस्तकांतून मात्र तो कोठे ‘डिबॉइन’, कोठे ‘डी बॉयन’, तर कोठे ‘दी बोईन’ म्हणून भेटतो. तिन्ही रूपे सुखाने नांदतात आणि त्यांवरून कोणी वाद घालीत नाही. गेल्या वर्षी त्याच्या जन्मगावी, त्याच्याच पुतळ्याखाली, हे नाव मी तेथील माणसाच्या तोंडून ऐकले. ते चौथेच निघाले: ‘द ब्वाञ’. आपल्या वर्णमालेतील ज्या ‘ञ’ला आपण शाळेत पाठ करण्यापलीकडे फारसे काम देत नाही, तो ‘ञ’ या माणसाच्या नावाच्या टोकाशी ठसठशीतपणे बसलेला होता.

हा उच्चार असाच का, हे समजून घेण्यासाठी शाँबेरीला पोहोचण्यापूर्वी मला बरीच वाट चालावी लागली. आमचा मुलगा काही वर्षांपासून नोकरीनिमित्त लियों शहरी सहकुटुंब राहतो. दिवाळीच्या सुटीला शिल्लक अर्जित रजा जोडून सौ. आणि मी तिकडे गेलो, ते प्रथम पारीत उतरून. प्रवासवर्णनांतून मनोऱ्याची उंची आणि चित्रशाळेतील गर्दी वाचकांनी पुष्कळ वाचली असेल. मी मराठीचा शिक्षक. माझे लक्ष पाट्यांकडे आणि कान माणसांच्या बोलण्याकडे. तेव्हा येथे फ्रेंच माणूस शब्दाची अक्षरे कशी पाडतो, एवढेच सांगणार आहे. ‘अक्षर’ हा शब्द मी छंदशास्त्रातील अर्थाने वापरीत आहे, म्हणजे जिभेच्या एका हेलकाव्यात निघणारा शब्दाचा तुकडा. कागदावरील चिन्हाला ‘वर्ण’ म्हणेन.

पारीच्या भुयारी रेल्वेत अनेक गाड्यांतून पुढच्या स्थानकाचे नाव दोनदा पुकारतात. पहिल्या वेळी स्वर चढता, विचारल्यासारखा. दुसऱ्या वेळी उतरता, उत्तर दिल्यासारखा. डोळ्यांसमोर पाटी, कानात दुहेरी उच्चार. भाषा शिकण्याची याहून स्वस्त शाळा मी पाहिली नाही. पहिली गोष्ट जी ध्यानात येते ती ही, की पाटीवरील शेवटचे वर्ण बहुधा मुके असतात. ‘पारी’च्या अखेरचा एस कोणी उच्चारीत नाही. शब्दान्तीचे एस, टी, डी, पी, एक्स, झेड यांनी मौनव्रत घेतलेले; सी, एफ, एल, आर हे त्या मानाने बोलके, तेही नेहमीच नव्हे. परंतु हे मौन कायमचे नसते, हीच त्यातील गंमत आहे. ‘साँ-मिशेल’कडे जाताना... नव्हे, ‘सँ-मिशेल’ असे लिहिले पाहिजे, कारण ‘साँ’ आणि ‘सँ’ यांत तेथे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘सँ’ म्हणजे संत. त्याच्या शेवटी टी आहे, पण ‘सँ-मि-शेल’ म्हणताना तो झोपलेला असतो. आता दुसरे स्थानक घ्या, संत ऑगस्टीनचे. तेथे घोषणा होते ‘सँ-तो-ग्युस-तँ’. पुढे स्वर आलेला पाहताच तो टी ‘त’ होऊन जागा झाला आणि आपले घर सोडून शेजारच्या शब्दात जाऊन बसला.

हाच प्रकार सर्वत्र. जगप्रसिद्ध राजरस्त्याचे नाव दोन शब्दांचे आहे, ‘शाँ’ आणि ‘एलिझे’. पहिल्याच्या शेवटी पी आणि एस हे दोन मुके. एकत्र म्हणताना पी तसाच मूक राहतो, एस मात्र ‘झ’ होऊन पुढच्या ‘ए’ला बिलगतो आणि अक्षरे पडतात ‘शाँ-झे-ली-झे’. आता यात पहिला शब्द कोठे संपला? कागदावर तो ‘शाँ’नंतर संपतो, मुखात ‘झे’च्या पोटात दोन्ही शब्दांची हद्द बुजून गेलेली असते. नेपोलियनचे थडगे जेथे आहे, त्या सोनेरी घुमटाच्या वास्तूला ‘ले-झँ-वा-लिद’ म्हणतात. ‘ले’ हे केवळ बहुवचनी उपपद, पण त्याचा मुका एस ‘झ’ होऊन अपंग सैनिकांच्या नावाला चिकटतो.

संस्कृत शिकलेल्या माणसाला हे पाहून घरच्यासारखे वाटते. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, तसे येथे ‘ग्राँ’ म्हणजे मोठा आणि ‘आमी’ म्हणजे मित्र मिळून ‘ग्राँ-ता-मी’ होते. फरक असा, की आपल्याकडे त चा द झाला. त्यांच्याकडे लिहिण्यात डी आहे आणि संधीत त्याचा त होतो. ‘नव’ या अर्थाच्या शब्दाच्या अखेरचा एफ ‘वाजले’ या अर्थाच्या शब्दापुढे ‘व्ह’ होतो. मात्र संस्कृतात संधी झाला की तो लेखनातही उतरतो. फ्रेंचांचा संधी फक्त मुखात होतो, कागदाला त्याची वार्ताही नसते.

या सर्वांमागे एकच ओढ आहे. फ्रेंच जिभेला अक्षर स्वरान्त हवे असते. दोन स्वरांमध्ये एकटे व्यंजन सापडले की ते मागच्या स्वराकडे न राहता पुढच्याकडे जाते: आ-मी, का-मा-राद. दोन व्यंजने शेजारी आली तर एक मागे, एक पुढे: पार-तीर. पण त्यांतील दुसरे ल किंवा र असेल, तर जोडी फोडीत नाहीत: ता-ब्लो, मे-त्रो. आणि हे सर्व शब्दाच्या आत चालते तसेच शब्दांच्या सीमा ओलांडूनही चालते. ‘तिच्याबरोबर’ म्हणायचे तर शब्द दोन, ‘आव्हेक’ आणि ‘एल’. अक्षरे पडतात ‘आ-व्हे-केल’. परक्याला फ्रेंच बोलणे एका लांबलचक शब्दासारखे का ऐकू येते, याचे उत्तर यात आहे. त्यातच आघात कोणत्याही एका शब्दावर आदळत नाही. अक्षरे सारख्या तोलाने, माळेतल्या मण्यांसारखी सरकतात आणि वाक्खंडाच्या शेवटच्या अक्षरावर किंचित रेंगाळतात.

मला येथे एक सुखद शोध लागला. एकट्या व्यंजनाला पुढील स्वराशी बांधणे हीच तर आपल्या देवनागरीची लिहिण्याची रीत. रोमन लिपी वर्ण सुटे सुटे उभे करते आणि कोण कोणाचा हे वाचणाऱ्यावर सोडते. देवनागरीत व्यंजन स्वराच्या खांद्यावर बसूनच येते. शिवाय फ्रेंचांचे त आणि द हे आपल्यासारखे दंत्य आहेत. प, त, क उच्चारताना इंग्रजासारखा फुत्कार ते सोडीत नाहीत. म्हणजे ‘मेत्रो’, ‘रेस्तोराँ’, ‘पारी’ असे आपण सहज म्हणू आणि लिहू शकलो असतो. पण हे शब्द आपल्या घरी इंग्रजीच्या दारातून आले, म्हणून मेट्रो, रेस्टॉरंट आणि पॅरिस झाले. ‘शाँपाञ’चे ‘शॅम्पेन’ झाले तेही त्याच वाटेने. ‘द ब्वाञ’चे डिबॉइन होण्यामागे दुसरे काय असणार?

सगळेच सोपे आहे असे मात्र नाही. ‘इ’ म्हणण्यासाठी जीभ ठेवावी आणि ओठ ‘उ’साठी करावे, तेव्हा जो स्वर निघतो तो आपल्या लिपीत नाही आणि बहुतेकांच्या मुखातही नाही. त्या स्वराने म्हटले तर ‘रस्ता’, साध्या ‘ऊ’ने म्हटले तर ‘चाक’. ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थांच्या शब्दांतही मुख्य भेद तेवढाच. घशातून निघणारा त्यांचा र हाही एक अभ्यासाचा विषय आहे. अनुनासिक स्वरांना मात्र कोकणी बोलणाऱ्या आपल्या गोव्याच्या बांधवांना बिचकण्याचे कारण नाही.

एका संध्याकाळी आम्ही ‘कोमेदी-फ्राँसेझ’ या १६८० साली स्थापन झालेल्या नाट्यगृहात रासीनचे ‘फेद्र’ पाहिले. अर्थ मला मुलाने आधी समजावून दिला होता. मी ऐकत होतो ते वृत्त. अभंगाप्रमाणे हे वृत्तही लघु-गुरूंचे नसून केवळ अक्षरसंख्येचे: बारा अक्षरे, सहावर विसावा. मी बोटांवर मोजू लागलो आणि लक्षात आले, की रस्त्यात न ऐकू येणारी अक्षरे येथे ऐकू येत आहेत. फ्रेंचमध्ये शब्दान्ती एक ‘ई’ नावाचा वर्ण असतो. त्याचा उच्चार असला तर आपल्या हलक्या ‘अ’सारखा. रोजच्या बोलण्यात तो गळतो. ‘फ्राँस’ हे एकच अक्षर उरते. पण जुन्या छंदात पुढे व्यंजन आले की तोच शब्द ‘फ्राँ-स’ असा दोन अक्षरांचा मोजावा लागतो आणि नट तो तसा म्हणतो. आपण ‘घर’ हा शब्द बोलताना एका अक्षरात संपवितो आणि ओवी म्हणताना त्याचा अन्त्य अ पुन्हा पुरता उच्चारतो, त्यातलाच हा प्रकार. कविता ही भाषेची जुनी तिजोरी असते असे मी मुलांना सांगत असतो. फ्रान्सच्या दक्षिणेकडील लोक म्हणे हा अ रोजच्या बोलण्यातही अजून बाळगतात.

मुक्या वर्णांना काढून का टाकीत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. काही काढलेही. फ्रेंच अकादमीने १७४० सालच्या आपल्या कोशात अनेक शब्दांतील न उच्चारला जाणारा एस गाळला आणि त्याची आठवण म्हणून शेजारच्या स्वरावर टोपीसारखे चिन्ह ठेवले. ‘ओतेल’, ‘ओपिताल’, ‘फोरे’ यांच्या डोक्यावर ही टोपी आहे. इंग्रजांनी हे शब्द आधीच उचलले होते, म्हणून त्यांच्या हॉस्पिटलात आणि फॉरेस्टात एस अजून बोलतो. आपणही १९६२ साली ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार उतरविले; टोपीसुद्धा ठेवली नाही. माझ्या वडिलांची पत्रे त्या अनुस्वारांनी भरलेली आहेत आणि मला ती तशीच बरी वाटतात, हे येथे जाता जाता नमूद करतो. फ्रेंचांनी १९९० साली काही स्वरांवरील टोपी ऐच्छिक करण्याचे सुचविले. पुढे २०१६ साली ते बदल पाठ्यपुस्तकांत येणार म्हणताच देशभर गदारोळ झाला. शुद्धलेखनावरून रस्त्यात भांडणारे लोक मला मनापासून आवडतात.

लियोंला नातवाच्या शाळेची पुस्तके हाती आली. नातू सात वर्षांचा आहे. त्याच्या पहिल्या वाचनपाठात शब्दांची अक्षरे आळीपाळीने दोन रंगांत छापली आहेत आणि मुके वर्ण फिकट राखी रंगात. मुलाने तो रंग पाहावा आणि तेथे गप्प राहावे. वर्णावर वर्ण चढवून ‘बी-ए, बा’ असे घोकण्याची पद्धत तेथेही पूर्वापार आहे. आपण प्राथमिक ज्ञानाला ‘श्रीगणेशा’ म्हणतो तसे ते ‘बे-आ-बा’ म्हणतात. मध्यंतरी संपूर्ण शब्द एकदम ओळखवून घेण्याचे नवे वारे आले. त्यावर इतके रण माजले, की २००६ साली शिक्षणमंत्र्यांनीच अक्षरपद्धतीची बाजू घेऊन परिपत्रक काढले. परिपत्रके सर्व देशांत सारखीच दिसतात.

लहान असताना आमचा नातू अस्वलाला ‘नुर्स’ म्हणे. शब्द ‘उर्स’, पण ‘एक अस्वल’ म्हणताना मागच्या शब्दाचा न पुढे येऊन ‘नुर्स’ ऐकू येते आणि मूल तेथेच शब्द तोडते. तेथील पुष्कळ मुले असे करतात. शब्द कोठे सुरू होतो हे कानाला कळत नाही, ते शाळेत कागदावर कळते.

या नातवाचे नाव ‘ह’ने सुरू होते. आणि फ्रेंच मुखात ‘ह’ नाही. एच हा वर्ण आहे, शब्दारंभी पुष्कळदा आहे, पण तो कोठेही ऐकू येत नाही. महेश तेथे मा-एश होतो आणि हेमंताचा एमाँ. नातवाच्या हजेरीच्या वेळी त्याच्या नावाचा पहिला वर्ण गळतो. तो घरात एका नावाला ओ देतो आणि वर्गात दुसऱ्या. त्याला त्याचे काहीच वाटत नाही. सौ.ला फार वाटले. त्यातून घरात दुसऱ्या बाळाची चाहूल लागली आहे. मुलगी झाल्यास सौ.च्या आईचे नाव ठेवावे अशी तिची फार दिवसांची इच्छा. आणि ते नावही ‘ह’चेच. ते येथे लिहीत नाही, घरचे आहे.

“आई, मला ते नाव आवडतं,” सूनबाई म्हणाली. “पण आयुष्यभर तिला कोणी पुरतं हाक मारणार नाही.”

सौ. काही बोलली नाही. मी एचविषयी जे वाचले होते ते सांगितले. फ्रेंचमध्ये एच दोन जातींचे आहेत, दोन्ही मुके. पहिला नसल्यासारखाच: ‘ओतेल’चे बहुवचन ‘ले-झो-तेल’, संधी बिनबोभाट होतो. दुसरा पुष्कळदा जुन्या जर्मानिक शब्दांतून आला. तो एके काळी खरोखर उच्चारला जाई; पुढे आवाज गेला, पण दरारा राहिला. त्याच्यापुढे संधी होत नाही. पारीच्या जुन्या बाजारपेठेचे नाव ‘ले-आल’ असेच म्हणावे लागते, ‘ले-झाल’ नव्हे. ‘वीर’ या शब्दालाही तोच नियम. ‘ले-ए-रो’ म्हणजे वीर. चुकून संधी केला तर ‘ले-झे-रो’, म्हणजे शून्ये. सूनबाई हसली. सौ. मात्र म्हणाली, “नियम ठीक आहे हो. पण माझ्या आईचा ह ऐकू यायला हवा.” यावर मजजवळ व्याकरणात उत्तर नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही सर्व शाँबेरीला गेलो. लियोंहून आगगाडीने दीड तासाच्या आसपास, पर्वतांच्या पायथ्याशी वसलेले हे टुमदार गाव सावोय प्रांताची जुनी राजधानी. हा प्रांत १८६० साली फ्रान्सला जोडला गेला. त्यामुळे ज्याला आपण फ्रेंच सेनानी म्हणतो तो १७५१ साली जन्मला तेव्हा सार्डिनियाच्या राजाचा प्रजाजन होता. किल्ल्याकडून निघणारा कमानदार ओसऱ्यांचा रस्ता त्याच्याच नावाचा आहे. त्या रस्त्याच्या टोकाशी १८३८ साली उभारलेले कारंजे. उंच स्तंभावर द ब्वाञ, आणि तळाशी चार दिशांना तोंडे केलेले चार ओतीव लोखंडी हत्ती, सोंडेतून पाणी सोडणारे. हत्ती अर्धेच आहेत. मागचा भाग स्तंभात गेलेला. त्यावरून गावकरी त्यांना ‘मागची बाजू नसलेले चार’ अशा अर्थाच्या, किंचित ग्राम्य नावाने ओळखतात. त्यात शब्दखेळ आहे: ‘साँ’ म्हणजे वाचून, विना, आणि ‘साँ’ म्हणजेच शंभर. दोन्हींचे वर्ण वेगळे, मुके वर्णही वेगळे, उच्चार एक. ‘रक्त’ हाही शब्द तेथे ‘साँ’च. ज्या भाषेत इतके वर्ण गिळले जातात, तेथे श्लेष रस्त्यात सांडलेले असतात.

हिंदुस्थानात मिळविलेल्या संपत्तीतून या माणसाने गावाला रुग्णालये दिली, अनाथ-वृद्धांची सोय केली. गाव त्याचे उपकार मानते. त्या हत्तींसमोर मी बराच वेळ उभा होतो. पाटणच्या रणातील धुरळा आणि हे थंड पर्वतावरचे पाणी यांची सांगड माझ्याकडून लवकर बसेना.

तेथील एका वृद्ध गृहस्थांना मुलाने आम्ही कोठून आलो ते सांगितले. ‘ग्वालियोर’ म्हणताच ते टोपी काढून हसले आणि त्यांनी ते नाव उच्चारले. बी, ओ, आय, जी, एन, ई असे सहा वर्ण. ओ आणि आय मिळून ‘वा’, जी आणि एन मिळून ‘ञ’, अखेरचा ई मुका. बाकी राहिले एकच अक्षर: ‘ब्वाञ’. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हे नाव त्याचे जन्माचे नव्हेच. केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा मूळचा ‘ल बोर्ञ’; त्या शब्दाचा अर्थ एका डोळ्याने अधू. परमुलखात नशीब काढायला निघालेल्या तरुणाने ते नाव वळवून ‘द ब्वाञ’ केले. आणि ज्या मुलखात नशीब निघाले, त्या मुलखाने त्याचे पुन्हा डिबॉइन केले. बारा वर्षांच्या आसपास त्याने त्या हाकेला ओ दिली असली पाहिजे. सूनबाईने हे मन लावून ऐकले. सौ.नेही ऐकले, पण तिने फक्त हत्तींचे दात तुटलेले नाहीत ना, एवढे विचारले.

परतीच्या गाडीत नातू खिडकीशी बसला होता. बाहेर अंधार पडू लागला होता आणि काच गार होती. सौ.ने त्याला काचेजवळ तोंड नेऊन वाफ सोडायला सांगितले. त्याने सोडली. “आता हेच आवाज काढून कर,” ती म्हणाली. त्याने केले, आणि स्वच्छ, घरंदाज मराठी ‘ह’ डब्यात उमटला. पुढच्या बाकावरील एक लहान फ्रेंच मुलगी मागे वळून पाहू लागली. मग तिनेही आपल्या काचेवर तोंड नेले. लियों येईपर्यंत दोन्ही काचा धुरकटून गेल्या होत्या, आणि सौ. आपल्या आईचे नाव त्या मुलीला तोडून तोडून सांगत होती.